बाळंतिणीचं ताट

धामणकर नाक्याची भिवंडी यंत्रमागांवर जगते. कष्टकरी बाईच्या बाळंतपणाचा प्रश्न मात्र आधी पुढे आला तो मुंबईच्या गिरण्यांतून. 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी प्रसूती लाभ विधेयकाची बाजू घेतली आणि 1929 मध्ये कायदा झाला.

घरोघरी काळजी त्याआधीही होतीच. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, जेवणावर चिमूटभर भाजलेला बाळंतशेपा. पण साजूक तूप नि सुकं खोबरं ज्याची ऐपत त्याच्याच घरी.

पोषणतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी 1950 च्या दशकात गरीब, अंगावर पाजणाऱ्या मातांचा अभ्यास केला. त्यात दिसलं की अर्धपोटी आईच्या दुधातही प्रथिनं बऱ्यापैकी टिकतात. काही जीवनसत्त्वं मात्र तिच्या आहाराबरोबर घटतात. म्हणजे बाळ बाळसं धरतं तेव्हा आई स्वतःचं शरीर झिजवत असते. हे तिच्या मायेचं कौतुक करून सोडून देण्यासारखं नाही.

शहापूरसारख्या आदिवासी भागात 2015 मध्ये सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत गरोदर बाईला, आणि बाळंतपणानंतर सहा महिने, एक वेळचं गरम जेवण मिळतं. भिवंडी शहरातल्या आईला अंगणवाडीतून मिळतो तो घरी न्यायचा शिधा, आणि घरात खाणारी तोंडं अनेक असतात.