लिव्हरमधला पू

साखरखेर्डा म्हटलं की इतिहासवाल्यांना १७२४ ची लढाई आठवते. निजामाने मुबारिझखानाला आमच्या गावाजवळ हरवलं आणि दख्खन पक्की केली. या वीकेंडला मात्र दुसराच इतिहास लिहितोय, लिव्हरमध्ये होणाऱ्या गळवाचा.

निमित्त गावचे काका. हुडहुडी भरून ताप, उजव्या बरगडीखाली ठणका. दहा दिवस मलेरिया, टायफॉइडची औषधं झाली. शेवटी बुलढाण्याला सोनोग्राफी केली, तर लिव्हरमध्ये पुवाने भरलेली पोकळी! डॉक्टरांनी पडद्यावर बघत बघत सुई घातली, नळी बसवली. पुवात क्लेबसिएला जंतू निघाले, रक्तात शुगरही निघाली. (मधुमेह्यांना हे गळू जास्त होतं.) महिनाभर अँटिबायोटिक्स घेऊन काका पुन्हा शेतात.

पू बाहेर काढायला हवा, हे ग्रीक वैद्यांनाही माहीत होतं. कळत नव्हतं ते एवढंच, की तो नेमका आहे कुठे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचे पहिले प्राचार्य चार्ल्स मोरहेड यांनी १८५६ च्या ग्रंथात या आजारावर लिहिलंय. पण हाताशी काय, तर पोट चाचपणं आणि बोटाने ठोकून बघणं. आमच्या भाषेत, लॉग न बघता बग शोधणं!

१९३८ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ऑक्सनर आणि डीबेकी यांनी आपल्या ४७ रुग्णांचा अभ्यास छापला. (हो, पुढे हृदयाच्या ऑपरेशन्ससाठी गाजलेले तेच डीबेकी.) तेव्हा अपेंडिक्स सडलं की तिथले जंतू रक्तावाटे थेट लिव्हरमध्ये पोचत. पेनिसिलिन अजून मिळत नव्हतं. चिरताना पू पोटाच्या पोकळीत सांडला तर खेळ खलास. म्हणून ही मंडळी पोटाचं आतलं अस्तर न उघडता, बाजूने वाट काढत गळवापर्यंत जायची. काय ती जिगर!

१९५३ मध्ये हाँगकाँगच्या मॅकफॅझिअन यांनी नुसती सुई आणि अँटिबायोटिक्स वापरून रुग्ण बरे केल्याचं छापलं. तरी बरेच सर्जन चाकूच धरून बसले. सुई शेवटी आंधळीच ना! तिला डोळे मिळाले १९७०-८० च्या दशकांत, सोनोग्राफी आणि सीटी स्कॅनमुळे.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे, अमीबाची. त्याचंही गळू लिव्हरमध्येच होतं आणि लक्षणंही तीच. पण ते बहुतेकदा मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांनीच बसतं, सुई लागतेच असं नाही. जंतूंच्या मोठ्या गळवातला पू मात्र काढावाच लागतो. म्हणून रिपोर्ट येईपर्यंत डॉक्टर अनेकदा दोन्हीवरची औषधं एकदमच सुरू करतात.