शिंपी, शहर आणि संस्कृती

मला इतिहासावर बोलायला बोलावलं आहे आणि मी सुरुवात माझ्या कोटापासून करणार आहे. त्याबद्दल क्षमा असावी.

गेल्या वर्षी पुतण्याच्या मुलीचं लग्न ठरलं आणि घरात ठराव झाला की या वेळी मी कोट घालायचा. माझ्याकडे कोट एकच, १९७९ साली शिवलेला. तेव्हाच्या तीस वर्षांच्या काटकुळ्या अधिव्याख्यात्याच्या मापाचा. आता त्याचं बटण पोटावर लागेना. म्हणून एका मोठ्या दुकानातून तयार कोट आणला. दुकानाचं नाव घेत नाही. खांदे ठीक बसले, पण बाह्या अंगठ्यापर्यंत येत होत्या आणि पाठीत इतका घट्ट की हात पुढे केला की शिवण कुरकुरायची. विक्रेता म्हणाला, "सर, हा स्लिम फिट आहे." म्हटलं, "अहो, पण मी नाही." (हशा)

मग शिंपी शोधायला निघालो. १९७९ चा कोट ज्यांनी शिवला ते सदाशिव पेठेत बसायचे. त्यांच्या वहीत माझ्या वडिलांचंही माप होतं. तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात. पुढे लक्ष्मी रस्त्याच्या मागच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. कुठे 'फक्त लेडीज', कुठे 'फक्त युनिफॉर्म', कुठे 'दुसऱ्याचं शिवलेलं उसवत नाही'. शेवटी शुक्रवार पेठेत एका जिन्याखाली, चार फूट जागेत, लातूरकडचे एक मास्टर सापडले. त्यांनी नवा कोट उलटा केला, बगलेखालच्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "काका, याच्यात माया नाही."

मी जन्मभर वेदान्त शिकवला. जग माया आहे असं पोरांना सांगत आलो. माया नाही अशी तक्रार पहिल्यांदाच ऐकली. (हशा)

तुमच्यातल्या ज्यांनी शिवण शिकलं आहे त्यांना कळलं असेल. शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात त्याला आपण माया म्हणतो. अंग भरलं, तर शिवण उसवायची आणि माया सोडायची. जे दिसत नाही पण ज्याच्या भरवशावर कपडा टिकतो, ती माया. मराठीत हाच शब्द आईच्या मायेला, गाठीच्या पैशाला आणि शंकराचार्यांच्या सिद्धान्ताला चालतो. शब्दकोशकार याचा उलगडा करतील. मला त्या जिन्याखाली एवढंच जाणवलं की शहराच्या संस्कृतीवर आपण जे वाद घालतो त्यात हा शब्द कधी आलेला नाही.

वाद तर आपण भरपूर घालतो. गिरगावातल्या माझ्या मित्राला कोटाची हकीकत फोनवर सांगितली, तर तो म्हणाला, "तुम्हा पुणेकरांना कपड्यातलं कधी कळत होतं? धोतरावर कोट घालणारी माणसं तुम्ही!" मुंबई-पुण्याच्या या भांडणाला पु. लं.नी अमर करून ठेवलं आहे, मी त्यात भर घालत नाही. पण मित्राचा मुद्दा घेऊ. धोतरावर कोट ही गंमत नव्हती. १८१८ नंतर राज्य बदललं, कचेऱ्या बदलल्या, आणि कचेरीत जाणाऱ्या माणसाने अंगाचे दोन भाग केले. वरचा भाग साहेबासमोर जायचा, त्याला कोट. खालचा भाग घरच्या धर्माचा, त्याला धोतर. डोक्यावर पगडी. आणि हे मुंबईतही होतंच. गिरगावच्या चाळींतून फोर्टात जाणारे कारकून काही वेगळे दिसत नव्हते.

यामागे जुनी गोष्ट आहे. आपल्याकडे सोवळं ते न शिवलेलं. धोतर, कद, उपरणं, लुगडं, यांना सुई लागत नाही. जेवायला बसताना, पूजेला बसताना शिवलेलं उतरवायचं. याचा अर्थ इथे पूर्वी शिवणच नव्हती असा काही लोक काढतात, तो खरा नाही. अमरकोशात शिंप्याला तुन्नवाय आणि सौचिक असे दोन शब्द आहेत. धंदा नसता तर शब्द कशाला आले असते? शिवणं होतं, पण त्याची जागा ओसरीपर्यंत होती. मग शिवणाराची जागाही ओसरीपर्यंतच राहिली. आणि याच समाजाने नामदेवांना संत मानलं. ते शिंपी. पंढरपूरच्या देवळात जाताना नामदेव पायरी ओलांडून जावं लागतं. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत आणि त्यांत एके ठिकाणी ते आपल्या मनाला गज आणि जिभेला कात्री करून देवाचं काम करतात. धंद्यातली हत्यारं त्यांनी देवापुढे लपवली नाहीत. आपण मात्र अभंग घेतले आणि गज ओसरीवर ठेवला.

आता पगडीकडे येतो, कारण पुण्याची शैली म्हटलं की सगळे तिथेच येतात. पुणेरी पगडी आपण पेशवाईची म्हणून मिरवतो. आज आपण जी ओळखतो ती प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकातली, रानड्यांच्या-टिळकांच्या डोक्यावरची. २००९ मध्ये तिला भौगोलिक निर्देशांकही मिळाला. मग जून २०१८ मध्ये शरद पवारांनी पुण्यातल्या सभेत सांगितलं की इथून पुढे सत्काराला फुले पगडी वापरा. पुढच्या जानेवारीत विद्यापीठाच्या पदवीप्रदान समारंभात कोणती पगडी यावरून विद्यार्थ्यांनी घोषणा दिल्या. अनेकांनी नाकं मुरडली, म्हणाले, टोप्यांवरून कसली भांडणं! मला ते भांडण अगदी योग्य वाटलं. या शहरात कपड्यावरचं प्रत्येक भांडण, माणूस कोणाला म्हणायचं, यावरचंच होतं.

२ मार्च १८८८ ची गोष्ट घ्या. महात्मा फुल्यांचे स्नेही हरी रावजी चिपळूणकर यांनी राणी व्हिक्टोरियाच्या मुलाचा, ड्यूक ऑफ कॅनॉटचा सत्कार केला. पुण्यातली झाडून सगळी भरजरी मंडळी जमली होती. जोतीराव गेले ते शेतकऱ्याच्या वेषात. आणि उठून बोलले, ते असं की हे दागिने-पोशाख म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरी प्रजा खेड्यात आहे, तिच्या शिक्षणाचं तुमच्या आईला सांगा. इंग्रजी त्यांना चांगलं येत होतं, बरे कपडे परवडत होते. वेष त्यांनी निवडला होता.

त्याच वर्षी आगरकरांचं 'सुधारक' निघालं. स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत, या विषयावर आगरकरांनी निबंध लिहिला. आज हसू येतं. पण विचार करा, बाईच्या अंगाला कपडा पुरेसा आहे का, थंडीवाऱ्यात तिला तो सोयीचा आहे का, हा प्रश्न वर्तमानपत्रात जाहीरपणे मांडायचा आणि लोकांचे जोडे खायची तयारी ठेवायची. जाकीट म्हणजे शिवलेलं वस्त्र. म्हणजे बाईचं माप घेणं आलं. ते कोण घेणार? पुरुष शिंप्याला बाईच्या अंगाला टेप लावू देणारी घरं तेव्हा किती असतील! जुनी चोळी नमुना म्हणून पाठवायची, तिच्यावरून बेतायचं, ही पद्धत माझ्या लहानपणीही होती.

आणि डिसेंबर १९२७. महाडला मनुस्मृतीचं दहन झाल्यानंतर डॉ. आंबेडकरांनी बायकांना सांगितलं की तुमच्या लुगडं नेसण्याच्या रीतीवरून, अंगावरच्या जड दागिन्यांवरून तुमची जात ओळखू येते, ती रीत सोडा, लुगडं नीट पायघोळ नेसा. त्यांच्या स्वतःच्या सुटाबद्दल कुणीतरी मला विचारतं, की गांधीजींनी पंचा नेसला आणि यांनी सूट का? उत्तर एका ओळीचं आहे. ज्याला कपडे असून घालू दिले जात नव्हते, त्याने कपडे उतरवण्यात त्याग कसला?

तर फुले, आगरकर, आंबेडकर. तिघांच्याही वादात कपडा आहे, पण शिवणारा कुठेच नाही. इतिहासात तो दिसायला लागतो यंत्रामुळे. सिंगरने १८५१ मध्ये पेटंट घेतलं आणि पुढच्या पंचवीसेक वर्षांत ते यंत्र मुंबईत उतरलं. हिंदुस्थानातला कंपनीचा कारभार अनेक वर्षं नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांकडे होता. हप्त्याने मशीन मिळायचं, त्यामुळे गरीब शिंप्यालाही ते घेता आलं. गांधीजींना १९२४ मध्ये रामचंद्रन नावाच्या विद्यार्थ्याने विचारलं, तुम्ही सगळ्याच यंत्रांच्या विरुद्ध आहात का? तेव्हा त्यांनी अपवाद केला तो शिलाई यंत्राचा. सिंगरने बायकोचे कष्ट पाहून प्रेमापोटी ते शोधलं, असं ते म्हणाले. सिंगरचं चरित्र वाचलं तर ते काही इतकं सोज्वळ नाही. पण गांधीजींना जे दिसलं ते बरोबर होतं. कापसाची गिरणी माणसाला आपल्याजवळ बोलावते, हे यंत्र माणसाच्या घरी जाऊन बसतं.

ते आमच्याही ओसरीवर बसायचं. दिवाळीच्या आधी शिंपी मशीन घेऊन यायचे, चार दिवस मुक्काम. एका ताग्यातून आम्हा सगळ्या भावंडांचे सदरे, त्यामुळे फोटोत आम्ही बँडवाल्यांसारखे दिसतो. आईचा हुकूम एकच, "वाढत्या अंगाचं शिवा." हे तीन शब्द म्हणजे माझ्या मते मराठी मध्यमवर्गाचं अर्थशास्त्र आहे. बाह्या दोन बोटं लांब, चड्डीच्या दुमडीत भरपूर माया. यंदा मोठ्याचा, पुढे धाकट्याचा, मग पिशवी, मग पायपुसणं. यात कंजूषपणा होता, पुणेरी म्हणून ज्याची चेष्टा होते तो. पण पोर वाढणार आहे हे त्यात गृहीत होतं.

आणि एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हे सगळं आठवणींचं लोणचं होईल. त्या शिंप्यांना चहा वेगळ्या कपातून मिळायचा. तो कप कोनाड्यात असे, आतल्या भांड्यांत मिसळत नसे. त्यांनी माझ्या वडिलांच्या छातीला टेप लावलेला चालत होता, कप चालत नव्हता. मला त्यांचं नावही आठवत नाही, कारण घरात कुणी ते घेतलंच नाही. 'शिंपी आला' एवढंच.

मित्राला मी म्हटलं, तुमच्या मुंबईने काय वेगळं केलं? त्याचं उत्तर खरं होतं. तो म्हणाला, "आम्ही कापड केलं." दावरांची गिरणी १८५४ ची, पुढे सगळं गिरणगाव. त्या शहरात गोव्याहून आलेले ख्रिस्ती टेलर सूट शिवत. पोर्तुगीजमध्ये शिंपी म्हणजे आल्फायात, आणि तो शब्द अरबी 'खय्यात'वरून आलेला. मुसलमान दर्जी, पारशी डगली, राजेश खन्नाचा गुरू कुर्ता बघून दुसऱ्या दिवशी तसाच शिवून देणारा नाक्यावरचा टेलर, हे सगळं एकाच रस्त्यावर. तिथे शिंप्याला जात विचारायला वेळ नव्हता. निदान मित्राचं तसं म्हणणं. मला ते अर्धंच पटतं. मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि कापड करणारं शहर कापड विकत घेणारं झालं. त्याच सुमारास तयार कपडे स्वस्त झाले. मित्राचे वडील गिरणीत होते. फोनवर तो तिथे थांबला आणि मीही विषय बदलला.

तयार कपड्याची मी निंदा करत नाही. त्याने एक मोठं काम केलं, दुकानात हँगरवरच्या शर्टाला तुमची जात कळत नाही. चोळी नमुना म्हणून पाठवायची अडचण संपली. पण त्याचे कारखाने इंचाइंचाचा हिशेब करतात, आणि लाखभर कपड्यांत शिवणीतलं अर्धा इंच कापड वाचवलं तर केवढा नफा! म्हणून माया पहिली गेली. तो कपडा आजच्या तुमच्यासाठी असतो. उद्याच्या तुम्हाला नवा घ्यावा लागतो.

जिन्याखालच्या मास्टरांना मी हे काही सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, "जुना कोट आहे का घरी?" दुसऱ्या दिवशी १९७९ चा नेऊन दिला. त्यांनी अस्तर उसवलं आणि मला जवळ बोलावलं. दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया होती, पाठीच्या शिवणीतही. ज्यांना आम्ही वेगळ्या कपातून चहा दिला त्यांनी ती ठेवली होती. मास्टर म्हणाले, "चांगला हात होता. कुणाचा?" मला नाव सांगता आलं नाही.

चार दिवसांनी कोट मिळाला, सहाशे रुपये झाले. बटण लागतं, श्वास घेता येतो. जिथे जुनी शिवण होती तिथे एक रेघ दिसते, कारण आतलं कापड उन्हात गेलेलं नाही, ते अजून गडद आहे. मास्टरांनी आधीच सांगितलं होतं, रेघ जायची नाही. लग्नात गिरगावच्या मित्राने ती लांबूनच हेरली.