नोंद न झालेले दिवस : सिकलसेलच्या मोजमापाचा इतिहास

नोव्हेंबर २०२५ मध्ये सिकलसेलवरील पहिल्या स्वदेशी जनुकोपचाराची घोषणा झाली. दिल्लीच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ जीनोमिक्स अँड इंटिग्रेटिव्ह बायोलॉजी’ने विकसित केलेल्या या तंत्राला बिरसा मुंडा यांच्या स्मरणार्थ ‘बिरसा १०१’ असे नाव देण्यात आले आणि पुढील विकासासाठी ते पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आले. त्याआधी, १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला होता. १७ राज्यांतील ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून उरू द्यायचा नाही, असे त्याचे उद्दिष्ट आहे. छत्तीसगड हे त्यांतील एक महत्त्वाचे राज्य. त्याचे मंत्रालय २०१२ पासून नवा रायपूरच्या महानदी भवनात आहे. बस्तरच्या उपकेंद्रात बोटाला सुई टोचून घेतलेल्या रक्ताच्या थेंबाचा प्रवास अखेर तिथल्या एखाद्या तक्त्यातील आकड्यात संपतो: तपासण्या किती, वाहक किती, रुग्ण किती. रुग्णाचे दिवस कसे जातात, याचा रकाना मात्र अशा तक्त्यांत सहसा नसतो. तो रकाना वैद्यकशास्त्रात कसा आणि किती उशिरा आला, याची ही हकिकत आहे.

प्रथम आजाराविषयी थोडे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्या एका बदलाने, प्राणवायू कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे तयार होतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. अशा ताठर पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकल्या की पुढच्या ऊतींचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाडांत, छातीत, पोटात असह्य वेदना उठतात. आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आले तर मूल रुग्ण होते, एकाकडूनच आले तर वाहक. अमेरिकेत सुमारे एक लाख रुग्ण असल्याने तिथल्या कायद्याच्या दृष्टीने हा ‘दुर्मीळ’ आजार ठरतो, कारण दोन लाखांहून कमी रुग्ण असलेला आजार तिथे दुर्मीळ मानतात. छत्तीसगडमध्ये २००७ ते २०१० या काळात पी. के. पात्रा आणि सहकाऱ्यांनी साडेतीन लाखांहून अधिक लोकांची तपासणी केली, तेव्हा जवळपास दर अकरा जणांमागे एक वाहक आढळला. आदिवासींइतकेच साहू आणि कुर्मी या शेतकरी समाजांतही हे जनुक पसरलेले आहे. तिथल्या घराघरांत ‘सिकलिंग’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. दुर्मिळता ही आजाराच्या अंगी नसते, मोजणारा कुठे उभा आहे त्यावर ती ठरते.

वैद्यकीय ग्रंथांत हा आजार अवतरला तो १९१० साली, शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांच्या शोधनिबंधातून. रुग्ण होता वॉल्टर क्लेमंट नोएल, कॅरिबियन बेटांतील ग्रेनाडाहून दंतवैद्यक शिकायला आलेला तरुण. डिसेंबर १९०४ मध्ये तो रुग्णालयात दाखल झाला. हेरिक यांचे तरुण सहायक अर्नेस्ट आयर्न्स यांना त्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या चमत्कारिक पेशी दिसल्या. त्या पेशी पुढे जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेल्या, नोएल मात्र हरवला. तो शिक्षण पुरे करून ग्रेनाडाला परतला, तिथे त्याने दंतवैद्य म्हणून व्यवसाय केला आणि १९१६ मध्ये न्यूमोनियाने त्याचा मृत्यू झाला, हे जगाला कळले ते टॉड सॅव्हिट या इतिहासकाराने १९८०च्या दशकात शोध घेतल्यावर. पेशीचे वर्णन छापून झाल्यानंतर, ती पेशी अंगात बाळगून तो माणूस परीक्षा कशा देत होता, रुग्णांचे दात काढताना उभा कसा राहत होता, हे विचारायला सुमारे ऐंशी वर्षे गेली.

१९४९ साली लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी सिकलसेलला ‘रेणवीय आजार’ म्हटले. एखाद्या आजाराचे मूळ एका रेणूत दाखवण्याची ती पहिलीच वेळ. व्हर्नन इनग्रॅम यांनी १९५६ आणि १९५७ मध्ये नेमका बदललेला अमिनो आम्लाचा दुवाही शोधला. विज्ञानाच्या दृष्टीने हा विलक्षण विजय होता आणि त्याचे मोल कमी करण्याचे कारण नाही. पण याच पॉलिंग यांनी १९६८ साली असे सुचवले की वाहकांच्या कपाळावर गोंदून खूण करावी, म्हणजे दोन वाहक परस्परांच्या प्रेमात पडणार नाहीत! रेणूविषयी इतके अचूक बोलणारा माणूस कपाळावर खूण घेऊन गावात वावरणाऱ्या मुलीविषयी इतका अजाण असू शकतो. लग्न ठरवताना ‘सिकलिंग’चा कागद लपवणारी आणि मागणारी कुटुंबे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या सूचनेचा अर्थ वेगळा सांगायला नको.

रुग्णाचे जगणे मोजण्याची परंपरा वेगळ्याच दालनात सुरू झाली होती. १९४०च्या दशकाच्या अखेरीस डेव्हिड कार्नोफ्स्की यांनी कर्करोगाच्या रुग्णांसाठी शून्य ते शंभर अशी पट्टी तयार केली: शंभर म्हणजे पूर्ण कार्यक्षम, शून्य म्हणजे मृत्यू. गुण देणारा होता डॉक्टर. रुग्णाने स्वतःच उत्तरे द्यावीत ही कल्पना रुळायला पुढची दोन-तीन दशके लागली. १९७५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक यांनी वेदनेची प्रश्नावली तयार केली, तिच्यात वेदनेचे प्रकार सांगणारे ७८ शब्द होते. १९९२ मध्ये ३६ प्रश्नांची ‘एसएफ-३६’ आली आणि जगभर वापरली गेली. त्याच दशकात जागतिक आरोग्य संघटनेने पंधरा केंद्रांत एकाच वेळी काम करून स्वतःची प्रश्नावली घडवली. त्या केंद्रांत नवी दिल्ली आणि मद्रासही होते. तिची २६ प्रश्नांची संक्षिप्त आवृत्ती शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि परिसरविषयक अशा चार अंगांनी जगण्याकडे पाहते.

सिकलसेलच्या बाबतीत खरा धक्का दिला तो साध्या रोजनिशीने. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात वॉली स्मिथ आणि सहकाऱ्यांनी २३२ रुग्णांना सहा महिन्यांपर्यंत रोज संध्याकाळी एक नोंद करायला सांगितली: आज दुखले का, किती दुखले, दवाखान्यात गेलात का. ३१ हजारांहून अधिक दिवसांची ही नोंद २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४.५ टक्के दिवशी वेदना होती. रुग्ण वैद्यकीय मदतीसाठी बाहेर पडला असे दिवस होते केवळ ३.५ टक्के. सुमारे २९ टक्के रुग्णांना तर जवळजवळ रोजच दुखत होते. तोवर आजाराची तीव्रता ठरत होती ती रुग्णालयाच्या नोंदवहीवरून, आणि ती वही पाहत होती शंभरातील तीन-चार दिवस. बाकीचे दिवस रुग्णाने दात-ओठ खाऊन घरीच काढले होते.

आता हा आकडा आपल्या मुलखात आणून ठेवा, म्हणजे त्याचा अर्थ अधिक बोचतो. भारतात सिकलसेल प्रथम १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत हर्मन लेहमान आणि मेरी कटबुश यांनी नोंदवला. १९५८ मध्ये नागपूरच्या आर. एन. शुक्ला आणि बी. आर. सोळंकी यांनी मध्य भारतातील वाहकांविषयीचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. १९८६ मध्ये बी. सी. कर, ग्रॅहॅम सर्जंट आणि सहकाऱ्यांनी ओडिशातील रुग्णांची जमैकातील रुग्णांशी तुलना केली. भारतीय रुग्णांच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण अधिक असते आणि ते पेशींना वाकण्यापासून काही अंशी वाचवते, हे त्यातून स्पष्ट झाले. निरीक्षण योग्यच होते. पण त्यातून ‘भारतातला सिकलसेल सौम्य’ हे वाक्य जन्माला आले आणि ते प्रमाणाबाहेर फिरले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी विदर्भातील मुलांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला, तेव्हा अनेक मुलांत हा आजार पुरेसा क्रूर असल्याचे दिसले. माझ्या मते ‘सौम्य’ या शब्दात आणखी एक गोम आहे. तीव्रता जर रुग्णालयातील दाखल्यांवरून ठरत असेल, तर जिथे रुग्णालय चाळीस किलोमीटरवर आहे आणि एसटी दिवसातून एकदा येते, तिथे प्रत्येक आजार सौम्यच दिसेल.

या दाखल्यांपलीकडे पाहण्याचा एक प्रारंभीचा भारतीय प्रयत्नही नागपुरातच झाला. तिथल्या अर्चना पटेल आणि एच. जी. पठाण यांनी सिकलसेल असलेल्या मुलांच्या जीवनमानाचा अभ्यास २००५ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ पेडियाट्रिक्स’मध्ये प्रसिद्ध केला. या मुलांचे जगणे केवळ शरीराच्या बाजूनेच उणावत नाही, हे त्यांनी दाखवले.

मात्र उसनी पट्टी सगळीकडे लागत नाही. ‘एसएफ-३६’च्या मूळ आवृत्तीत मध्यम श्रमाची उदाहरणे म्हणून टेबल सरकवणे, व्हॅक्यूम क्लीनर फिरवणे आणि गोल्फ खेळणे दिलेले आहे. धमतरीच्या किंवा गडचिरोलीच्या बाईला हे विचारून काय हाती लागणार? तिला विचारायला हवे, गुडघाभर थंड पाण्यात उभे राहून धानाची रोवणी करता येते का. ही केवळ स्थानिक रंगाची बाब नाही. थंडी, श्रम आणि शरीरातील पाण्याची कमतरता ही तिन्ही वेदनेच्या झटक्याला निमंत्रण देतात. रोवणीत पहिली दोन असतात, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडताना शेवटची दोन. ज्या कामावर घर चालते तेच काम आजार चेतवते. प्रश्नावलीत ते नसेल, तर या मुलखातल्या सिकलसेलचा गाभाच निसटतो.

भाषेचेही तसेच. घानाचे डॉक्टर फेलिक्स कोनोटे-आहुलू यांनी दाखवून दिले की हेरिक यांच्या कितीतरी आधीपासून पश्चिम आफ्रिकेतील लोक हा आजार ओळखत होते. गा भाषेतील ‘च्वेच्वेच्वे’सारखी त्याची नावे कुरतडणाऱ्या, पुन्हा पुन्हा उठणाऱ्या वेदनेचाच नाद काढतात. मराठीलाही हे अवघड नाही. ठणका, कळ, रग, शिणक, चमक, ठुसठुस: आपल्याकडे प्रत्येक दुखण्याला वेगळा शब्द आहे आणि कोणताही विदर्भातला रुग्ण ‘हाडं फुटतात’ आणि ‘अंग मोडून येतं’ यांतला फरक जाणतो. ‘शून्य ते दहा यांपैकी किती?’ या प्रश्नात तो फरक मावत नाही. म्हणूनच चांगले भाषांतर एका बैठकीत होत नाही. दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करायचे, तिसऱ्याने ते उलट मूळ भाषेत आणायचे, मग रुग्णांसमोर बसून ‘या प्रश्नाचा तुम्हाला काय अर्थ लागला?’ असे एकेका ओळीला विचारायचे. छत्तीसगढीसाठी, हलबीसाठी, गोंडीसाठी हे वेगवेगळे करावे लागते. खर्च रसायनांचा नसतो, वेळेचा असतो, आणि म्हणूनच कदाचित तो टाळला जातो.

रुग्ण स्वतः देतो ते उत्तर अंतिम सत्य असते, असेही नाही. २००५ मध्ये डोना मॅक्लिश आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सिकलसेलचे रुग्ण जवळजवळ प्रत्येक अंगात सर्वसामान्यांच्या मागे होते, परंतु मानसिक आरोग्याचे गुण फारसे कमी नव्हते. जन्मापासून ज्याला वेदनारहित महिना ठाऊक नाही, त्याचे ‘बरे आहे’ आणि आपले ‘बरे आहे’ एकच नसते. मोजणाऱ्याला हे लक्षात ठेवूनच वाचावे लागते.

या मोजमापावर बरेच काही टांगलेले आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलचा समावेश दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत केला. पण बहुतेक लाभांसाठी प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के लिहिलेले असावे लागते, आणि सरकारी नोकरीतील आरक्षणाच्या कलमात रक्तविकारांना जागाच नाही. ज्याचा आजार महिन्यातून बारा दिवस अंथरुणाला खिळवतो आणि तेराव्या दिवशी चालता करतो, त्याचे टक्के कोणत्या दिवशी मोजायचे? अलीकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने या आजाराशी जोडलेला कलंक मोजण्यासाठी भारतीय समाजाला अनुरूप अशी मापनपट्टी तयार केली आहे. तिची एक आवृत्ती रुग्णांसाठी आणि दुसरी त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी आहे. घरच्यांनाही विचारायचे असते, हे त्यात मान्य झाले, ही मला मोठी गोष्ट वाटते.

औषधांचा इतिहासही हेच सांगतो. हायड्रॉक्सियुरियाच्या १९९५च्या प्रसिद्ध चाचणीत २९९ प्रौढ रुग्ण होते. वर्षाकाठी येणाऱ्या झटक्यांचा मध्यक औषध न मिळालेल्या गटात ४.५ होता, तर औषध घेणाऱ्यांत २.५. पुढे २००६ मध्ये त्याच रुग्णांच्या जीवनमानाची उत्तरे तपासली, तेव्हा सुधारणा प्रामुख्याने ज्यांच्या गर्भीय हिमोग्लोबिनने चांगला प्रतिसाद दिला त्यांच्यातच दिसली. झटके कमी होणे आणि जगणे सुधारणे या शेजारच्या गोष्टी आहेत, पण एक नव्हेत. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या क्रिस्पर उपचारात ३१ पैकी २९ रुग्ण सलग वर्षभर तीव्र झटक्यांपासून मुक्त राहिले. हे यश खरोखर थक्क करणारे आहे. मात्र तिथेही ‘तीव्र झटका’ याची व्याख्या प्रामुख्याने वैद्यकीय केंद्रात जावे लागण्यावरच बेतलेली होती. रुग्णांच्या स्वतःच्या उत्तरांची नोंद त्या चाचणीत झाली, पण मुख्य निकाल म्हणून नव्हे.

‘बिरसा १०१’च्या भारतीय चाचण्यांत छत्तीसगडचा किंवा विदर्भाचा रुग्ण येईल, तेव्हा त्याच्या पेशींचा हिशेब अचूक होईल यात शंका नाही. उपचारानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात तो रोवणीला उतरला का, आणि रात्री झोपला का, हे त्याला त्याच्या बोलीत विचारण्यासाठी लागणारी प्रश्नावली मात्र चाचणी सुरू झाल्यावर घाईने घडवता येणार नाही. तिचे काम आधीच सुरू व्हावे लागते.