सुवाह्य गॅस शेगडी

सुवाह्य गॅस शेगडी हे द्रवीभूत पेट्रोलियम वायूवर (एलपीजी) चालणारे व सहज उचलून नेता येणारे स्वयंपाकाचे उपकरण होय. शेतावरील मुक्काम, यात्रा, सहली, गिर्यारोहण व तंबूतील वास्तव्य अशा प्रसंगी तिचा उपयोग केला जातो. ज्या शेगडीच्या एकाच बर्नरवर तवा, भाजण्याची जाळी, पातेल्याचा आधार इत्यादी सुटे भाग आलटून पालटून बसविता येतात, तिला जोडभागांची किंवा मॉड्युलर शेगडी म्हणतात. शेगडीची निवड मुख्यतः तीन गोष्टींवर अवलंबून असते : कोणते पदार्थ करावयाचे, किती माणसांसाठी करावयाचे आणि संपलेला गॅस पुन्हा कोठे मिळणार. जोडभागांची संख्या ही त्यानंतरची बाब आहे.

इतिहास

स्वीडनमधील फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी १८९२ च्या सुमारास रॉकेलची वाफ करून जाळणारा, वातविरहित 'प्रायमस' स्टोव्ह तयार केला. हवा भरण्याचा हा पितळी स्टोव्ह पुढे भारतातही घरोघरी पोहोचला आणि प्रवासातही वापरला गेला. भारतात 'इंडेन' या नावाने एलपीजीची विक्री १९६५ मध्ये सुरू झाली. जपानमध्ये १९६९ साली इवातानी या कंपनीने आडवी गॅस डबी आत बसणारी कॅसेट शेगडी बाजारात आणली. स्थलांतरित कामगार, विद्यार्थी आणि लहान कुटुंबे यांच्यासाठी भारतात ५ किलोचा लहान सिलिंडर उपलब्ध असून इंडियन ऑईलने डिसेंबर २०२० मध्ये त्यास 'छोटू' असे नाव दिले.

प्रकार

१. डबीवरील शेगडी : स्क्रूच्या डबीवर थेट बसणारा लहान बर्नर. वजन सर्वांत कमी. परंतु उंच व अरुंद असल्याने जड भांड्याखाली कलंडण्याचा धोका असतो.

२. कॅसेट शेगडी : सुमारे २२० ते २३० ग्रॅम ब्यूटेन असलेली लांबट डबी शेगडीच्या बाजूच्या कप्प्यात बसते. बैठक रुंद असल्याने ती स्थिर राहते. बहुतेक जोडभाग याच प्रकारासाठी मिळतात.

३. लहान सिलिंडरची शेगडी : ५ किलोच्या सिलिंडरला रेग्युलेटर व रबरी नळीने जोडलेली शेगडी. भरलेल्या सिलिंडरचे वजन दहा किलोंहून अधिक असल्याने ती पाठीवर नेण्याजोगी नसते. वाहनाने जाणाऱ्यांना मात्र सोयीची ठरते.

पहिल्या दोन प्रकारांतील डब्या एकदाच वापरावयाच्या असतात. त्यांच्या झडपा वेगवेगळ्या असल्याने एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

इंधनाचे गणित

एक किलो एलपीजीच्या ज्वलनातून सुमारे ४६ मेगाज्यूल (जवळपास ११,००० किलोकॅलरी) उष्णता मिळते. त्यानुसार २.५ किलोवॉट क्षमतेचा बर्नर पूर्ण आचेवर ताशी सुमारे १९५ ग्रॅम गॅस जाळतो. म्हणजे २२५ ग्रॅमची डबी साधारण सव्वा तासाच्या आत, तर ५ किलोचा सिलिंडर सुमारे २५ तासांनी संपतो. निम्मी उष्णता वाया गेली असे धरल्यास एक लिटर पाणी २५ अंश सेल्सिअसपासून उकळेपर्यंत सुमारे १४ ग्रॅम गॅस लागतो. भारतीय मानक आयएस ४२४६ नुसार घरगुती गॅस शेगडीची औष्णिक कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते. परंतु ही चाचणी निवाऱ्यात होते. उघड्या माळावर वाऱ्यामुळे कार्यक्षमता बरीच घटते, म्हणून वारा अडविणारा पत्रा हा सर्वांत उपयुक्त जोडभाग ठरतो.

ब्यूटेनचा उत्कलनबिंदू सुमारे उणे ०.५ अंश, तर प्रोपेनचा उणे ४२ अंश सेल्सिअस असतो. गॅस वापरला जात असताना डबी स्वतः थंड होत जाते. त्यामुळे हिवाळ्यातील पहाटे निव्वळ ब्यूटेनच्या डबीची आच मंदावते. प्रोपेनचे मिश्रण असलेल्या डबीत हा दोष कमी असतो.

नांदेड व लातूर परिसरातील गरजा

मराठवाड्यातील रोजच्या जेवणात ज्वारीच्या भाकरीला मुख्य स्थान आहे. भाकरीसाठी रुंद तवा सर्व बाजूंनी सारखा तापावा लागतो. लहान बर्नरची ज्योत मध्यभागीच लागत असल्याने भाकरी मधे करपते आणि कडांना कच्ची राहते. त्यामुळे भाकरी करावयाची असल्यास रुंद ज्योतीचा बर्नर आणि लोखंडी तव्याचे वजन पेलणारा आधार पाहावा लागतो.

लातूर, धाराशिव व लगतच्या भागांत मार्गशीर्ष अमावास्येला साजऱ्या होणाऱ्या वेळ अमावास्येस भज्जी, आंबील, उंडे, खीर इत्यादी पदार्थ मुख्यतः घरी करून शेतावर नेले जातात. अशा प्रसंगी केवळ पदार्थ तापवावयाचे असल्यास एक कॅसेट शेगडी पुरते. याउलट लोहा तालुक्यातील माळेगाव येथे खंडोबाच्या यात्रेत जनावरांसह काही दिवस मुक्काम करणाऱ्यांना दोन्ही वेळचा स्वयंपाक करावा लागतो. तेथे ५ किलोचा सिलिंडर अधिक किफायतशीर ठरतो. हा सिलिंडर वितरकाकडून ओळखपत्र दाखवून घेता येतो व रिकामा झाल्यावर बदलूनही मिळतो.

वांगी, कणसे, मिरच्या व पापड जाळीवर चांगले भाजले जातात. मात्र हुरडा आगटीत, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजला जातो, आणि रोडगेही गोवऱ्यांच्या धगीवर शिजतात. या पदार्थांना चहूबाजूंनी लागणारी धग व धुराचा वास गॅसच्या जाळीवर मिळत नाही. केवळ हुरड्यासाठी भाजणीचा जोडभाग घेण्यात त्यामुळे फारसा लाभ नसतो.

सुरक्षितता

कॅसेट शेगडीवर डबीच्या कप्प्यापर्यंत पोहोचणारा मोठा तवा किंवा लोखंडी पत्रा ठेवल्यास त्याची उष्णता परावर्तित होऊन डबी तापते, आतील दाब वाढतो आणि डबी फुटू शकते. दोन शेगड्या शेजारी ठेवून त्यांवर एकच मोठे भांडे चढविणे याच कारणाने धोक्याचे असते. वारा अडविणारा पत्राही डबीभोवती गुंडाळू नये. जोडभाग शेगडीच्या उत्पादकाने त्याच नमुन्यासाठी दिलेला असणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

मराठवाड्यात मे महिन्यात तापमान ४० अंशांच्या पुढे जाते आणि उन्हात उभ्या बंद मोटारीत ते आणखी वाढते. गॅसच्या डब्या ५० अंशांहून अधिक तापू देऊ नयेत, अशी सूचना त्यांवर सामान्यतः छापलेली असते.

एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो खड्ड्यात, तंबूच्या तळाशी किंवा वाहनात साचतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. जोड तपासण्यासाठी साबणाचे पाणी वापरतात. पेटती काडी कधीही वापरू नये. बंद तंबूत शेगडी पेटविल्यास वासरहित कार्बन मोनॉक्साइड साचून झोपेतच मृत्यू ओढवू शकतो. गॅस गळतीसाठी १९०६ हा आपत्कालीन दूरध्वनी क्रमांक आहे.

कायदेशीर बाबी

मोठ्या घरगुती सिलिंडरमधून लहान सिलिंडरमध्ये किंवा डबीत गॅस भरणे बेकायदेशीर व अत्यंत धोक्याचे आहे. रेल्वेच्या प्रवासी डब्यातून गॅस सिलिंडर नेण्यास मनाई असून रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १६४ नुसार तो शिक्षापात्र गुन्हा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३० नुसार अभयारण्यास धोका पोहोचेल अशा रीतीने आग पेटविण्यास बंदी आहे. यवतमाळ व नांदेड जिल्ह्यांतील पैनगंगा अभयारण्यासही ती लागू होते. कंधार, औसा व उदगीर येथील किल्ल्यांना भेट देणाऱ्यांनीही संरक्षित स्मारकाच्या आवारात स्वयंपाक करण्यास मनाई असते, हे लक्षात घेऊन शेगडी बाहेरच, परवानगी असलेल्या मोकळ्या जागी वापरणे आवश्यक ठरते.