गुणांचा तक्ता कोण आखतं?

पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांसाठी रात्र रात्र वाचणाऱ्या मुलांचा एका गोष्टीवर भरवसा असतो: इथे वशिला चालत नाही.

आपल्याकडची स्पर्धा परीक्षा जन्मली तीच वशिल्याला शह म्हणून. ईस्ट इंडिया कंपनीतल्या सनदी जागा संचालकांच्या शिफारशीने भरत. १८५३च्या कायद्याने ती मिरास मोडली. पुढच्या वर्षी मेकॉलेच्या समितीने खुल्या परीक्षेची योजना आखली आणि १८५५ मध्ये ती लंडनला सुरू झाली. पाऊल मोठंच होतं. पण समितीचा तक्ता पाहा: ग्रीक आणि लॅटिनला प्रत्येकी ७५० गुण, संस्कृत आणि अरबीला प्रत्येकी ३७५. राज्य करायचं हिंदुस्थानावर! पेपर कितीही चोख तपासले, तरी झुकतं माप आधीच पडलेलं होतं.

१८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर तरीही उत्तीर्ण झाले. १८६९ मध्ये चौघे हिंदी तरुण यशस्वी ठरले; त्यांपैकी सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबई इलाख्यातले श्रीपाद बाबाजी ठाकूर यांच्या वयावर आक्षेप आला. मॅट्रिकच्या वेळी सुरेंद्रनाथांचं वय सोळा नोंदलं होतं. आपल्याकडे सोळावं लागलं की सोळा म्हणतात. लंडनने सोळा वर्षं सरली असं धरलं आणि त्यांना वयोमर्यादेबाहेर काढलं. कोर्टात दाद मागितली, तेव्हा कुठे दोघांची निवड कायम झाली.

पुढे १८७८ मध्ये कमाल वय २१ वरून १९ वर आणलं गेलं. म्हणजे कोवळ्या वयात, घरच्या खर्चाने, समुद्रापार जाऊ शकणाराच गुणवान! चळवळ झाली, १८९२ मध्ये ही मर्यादा २३ झाली. परीक्षा हिंदुस्थानात, अलाहाबादला यायला १९२२ उजाडलं.

स्वातंत्र्यानंतरच्या केंद्रीय सनदी परीक्षेतही इंग्रजीचा उंबरठा राहिलाच. कोठारी समितीच्या शिफारशींनंतर १९७९ पासून मराठीसारख्या भाषांत उत्तरं लिहिता येऊ लागली. २०११ मध्ये पूर्व परीक्षेत ‘सीसॅट’ हा कलचाचणीचा पेपर आला. आपल्यावर अन्याय होतो म्हणून ग्रामीण आणि भाषिक माध्यमांतली मुलं रस्त्यावर उतरली. २०१५ मध्ये तो पेपर केवळ पात्रतेपुरता उरला.

वशिल्यापेक्षा परीक्षा शतपटीने बरी. पण तिला जी काही निष्पक्षता आली, ती तक्त्यावर बोट ठेवणाऱ्यांमुळे आली. डॉक्टर असोत, वकील असोत वा प्राध्यापक, गुणवत्तेची भाषा करणाऱ्या प्रत्येक व्यवसायाने आपले निकष लेखी, उघडे ठेवावेत आणि ते बदलताना डावललेल्यांनाही मत मांडू द्यावं. एवढी तयारी नसेल, तर निवड गुणांवर झाली हे सांगण्याचा अधिकारही नाही.