क्षयरोग, एचआयव्हीबाधित बालकांतील
एचआयव्ही या व्हायरसामुळे प्रतिकारक्षमता क्षीण झालेल्या बालकांस होणारा क्षय. भारतात या व्हायरसाचा संसर्ग प्रथम १९८६ मध्ये मद्रास (चेन्नई) येथे आढळला. बालकांस तो मुख्यत्वे मातेकडून होतो; क्षयाचे जंतू मात्र बहुधा घरातील रुग्णाच्या खोकल्यातून येतात. लहान मुले बेडका गिळतात, म्हणून निदानासाठी पुष्कळदा जठरद्रव तपासावा लागतो. ट्युबरक्युलिन चाचणीही फसवी ठरू शकते.

महाराष्ट्रात व्हायरसविरोधी औषधे शासनातर्फे मोफत देण्यास एप्रिल २००४ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्रारंभ झाला. श्रीगोंद्यासारख्या दूरच्या तालुक्यांतील कुटुंबांना हे अंतर फार होते. बालकांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रम नोव्हेंबर २००६ मध्ये आला. तथापि रिफँपिसीन हे क्षयावरील प्रमुख औषध नेव्हिरपिनाचे रक्तातील प्रमाण घटविते. त्यामुळे दोन्ही उपचारांचा मेळ घालणे अवघड होते.

श्रीगोंदे तालुका ज्या जिल्ह्यात मोडतो, त्या अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यात गिरीश कुलकर्णी यांनी १९८९ मध्ये स्थापिलेल्या 'स्नेहालय' या संस्थेने बाधित बालकांना निवारा दिला. अशा बालकांत सक्रिय क्षय नसल्याची खात्री करून आयसोनियाझिड दिल्यास रोग टळू शकतो. घरात क्षयरुग्ण आढळताच मुलांची तपासणी करणे, हा म्हणूनच प्रतिबंधाचा पाया होय.