यंत्रातील नाममुद्रा



आपल्या संतकवींनी अभंगाच्या अखेरीस आपले नाव गुंफण्याची प्रथा पाळली. ही नाममुद्रा उघड असते, आणि रचना कोणाची हे तिच्यावरून श्रोत्यांना कळते. आज मी जिची हकीकत सांगणार आहे ती नाममुद्रा मात्र चोरून घातलेली होती. संगणकावर काही शोधता शोधता अवचित एखादी थट्टा किंवा खेळ पुढे येतो आणि आपण त्याला पोरखेळ समजून हसतो. वस्तुतः या पोरखेळाच्या मुळाशी मालक आणि कारागीर यांचा एक जुना तंटा आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये १९७२ साली अटारी ही कंपनी निघाली. १९७६ साली वॉर्नर कम्युनिकेशन्स या बड्या कंपनीने ती विकत घेतली. पुढच्याच वर्षी अटारीने घरच्या टेलिव्हिजनला जोडावयाचे खेळाचे यंत्र बाजारात आणले. त्या काळी एकेक खेळ बहुधा एकटा माणूसच रची. कल्पना त्याची, चित्रे त्याची, आवाज त्याचा, आज्ञावलीही त्याचीच. परंतु वेष्टनावर त्याचे नाव कोठेही नसे. नाव झाले तर प्रतिस्पर्धी त्याला फोडून नेतील, अशी मालकांना धास्ती वाटे.

वॉरन रॉबिनेट हा या निनावी कारागिरांपैकी एक. त्याने ‘ॲडव्हेंचर’ नावाचा खेळ रचला. किल्ले, भुलभुलैया आणि तीन ड्रॅगन यांतून वाट काढीत, हरवलेला चषक सोनेरी किल्ल्यात आणून पोचवावयाचा. हा सारा पसारा ४,०९६ बाइट, म्हणजे जेमतेम दोन-तीन छापील पानांतील अक्षरांएवढ्या जागेत बसवावयाचा होता. इतक्या अडचणीतही रॉबिनेटने एक गुप्त दालन बांधले. काळ्या किल्ल्याच्या आतील भुलभुलैयात त्याने एक ठिपका ठेवला, तोही पार्श्वभूमीच्याच राखी रंगाचा, म्हणजे असून न दिसणारा. तो उचलून योग्य दालनात आणला, आणि तेथे आणखी काही वस्तू जमविल्या, की एक भिंत वाट देई. आत रंग पालटणारी अक्षरे उभ्या ओळीत दिसत. हा खेळ वॉरन रॉबिनेटने निर्माण केला, एवढाच त्यांचा मजकूर.

हे गुपित त्याने सहकाऱ्यांनाही सांगितले नाही. १९७९ साली तो नोकरी सोडून गेला. १९८० साली सॉल्ट लेक सिटी येथील एका पंधरा वर्षांच्या मुलाने ते दालन शोधून काढले आणि कंपनीला पत्र लिहिले. आता करावयाचे काय? आज्ञावली चिपमध्ये कायमची कोरलेली, आणि ती बदलावयाची तर नवा साचा करणे आले. तेव्हा कंपनीतील स्टीव्ह राइट याने सुचविले की, हे असेच राहू द्यावे. ईस्टरच्या सणात वडीलमाणसे रंगीत अंडी दडवितात आणि मुले ती हुडकतात, तशातलाच हा प्रकार! अशा खोड्या त्यापूर्वीही काही खेळांत झाल्या होत्या. परंतु ‘ईस्टर एग’ हे नाव रूढ झाले ते येथून.

याच असंतोषातून १९७९ साली अटारीच्या चार रचनाकारांनी बाहेर पडून ॲक्टिव्हिजन ही कंपनी उभारण्यात भाग घेतला, आणि तिने खेळाबरोबर रचनाकाराचे नाव उघडपणे छापले. जी गोष्ट रॉबिनेटला ठिपक्याआड लपवावी लागली, ती त्यांनी वेष्टनावर आणली.

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्सेल ९७’ या हिशेबाच्या आज्ञावलीत विमान उडविण्याचा एक खेळ दडविलेला होता, आणि त्यात कर्त्यांची नावे होती. गंमत खरी, पण न सांगितलेला खेळ जेथे राहू शकतो, तेथे आणखी काय दडले असेल, ही गिऱ्हाइकाची शंकाही रास्तच होती. २००२ साली त्या कंपनीने सुरक्षिततेचे नवे धोरण स्वीकारले आणि असल्या दडवादडवीला मनाई झाली.

२०११ साली गूगलने शोधाचे पान गिरकी घेईल अशी युक्ती केली. २०१४ साली त्यांच्या क्रोममध्ये, इंटरनेट तुटले असता धावणारा डायनासोर आला. या थट्टा मालकाच्या संमतीने झाल्या, आणि आपण त्यांनी खुशाल रमावे. मात्र गिरकीत किंवा डायनासोरच्या धावेत कर्त्याचे नाव दिसत नाही. थट्टा राजमान्य झाली, पण जिच्यासाठी रॉबिनेटने एवढा खटाटोप केला, ती नाममुद्रा तिच्यातून गळाली. श्रोतेहो, पुढच्या वेळी तो डायनासोर दिसला की, हा कोणी बरे केला, एवढे विचारावे. कारागिराचे तेवढे देणे आपण लागतो.